आष्टीचा खटला आणि देहदंडाचा न्याय

मनुष्याने मनुष्याला द्यावयाच्या शिक्षांमध्ये देहदंड ही एकच शिक्षा अशी आहे की, ती देणाऱ्यास आपली चूक मागाहून उमगली, तरी ती निस्तरण्याचे साधन त्याच्या हाती उरत नाही. वसूल केलेला दंड परत करता येतो. तुरुंगाचे दार उघडून कैद्याला त्याच्या घरी धाडता येते. गेलेली वर्षे भरून आली नाहीत, तरी पुढची वर्षे त्याला मिळतात. फासावर चढविलेल्या मनुष्याच्या बाबतीत यांपैकी काहीच संभवत नाही. याच कारणास्तव प्रत्येक सुधारलेल्या राज्यात या शिक्षेभोवती पुराव्याची, अपिलाची आणि दयेची अशी एकामागून एक कुंपणे घातलेली असतात. ती कुंपणे घाईच्या काळात काढून टाकली म्हणजे काय घडते, याचा दाखला वर्धा जिल्ह्यातील आष्टी या गावाच्या इतिहासात सापडतो.

आष्टी हे वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, वऱ्हाडच्या सीमेला लागून असलेले गाव. १९४२ साली ते आर्वी तहसिलीत मोडत असे. महात्मा गांधींचे वास्तव्य १९३४ पासून वर्ध्यास व १९३६ पासून सेवाग्रामास असल्यामुळे या लहानशा जिल्ह्याचे नाव तोपर्यंत साऱ्या देशाच्या तोंडी झाले होते. ‘इंग्रजांनी हिंदुस्थान सोडून जावे’ या मागणीचा ठराव काँग्रेसच्या कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यासच संमत केला. मुंबईच्या अधिवेशनात ८ ऑगस्टला त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि ९ ऑगस्टची पहाट उजाडते न उजाडते तोच सर्व थोर पुढारी सरकारच्या ताब्यात गेले. लोकांना काय करावे हे सांगणारा कोणी बाहेर उरला नाही. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी खेडोपाडी जागृती झालेली होती. वृत्तपत्रांवर बंधने होती. जो तो आपापल्या समजुतीप्रमाणे पुढाऱ्यांच्या आज्ञेचा अर्थ लावीत होता.

१६ ऑगस्ट हा नागपंचमीचा दिवस. आष्टीचे व आसपासच्या खेड्यांतील लोक मिरवणुकीने पोलिस ठाण्यावर गेले. ठाण्यावर तिरंगा लावावा, अशी त्यांची इच्छा होती. पोलिसांनी अडविले, गोळीबार झाला, आणि गावकऱ्यांची प्रेते पडली. गोविंद मालपे व पंची गोंड ही त्यांतील नावे आष्टीत आजही आदराने घेतली जातात. आपली माणसे डोळ्यांदेखत पडलेली पाहून जमाव बेभान झाला व त्याने ठाण्यावर हल्ला चढविला. ठाण्याचे फौजदार आणि चार शिपाई त्यात मारले गेले. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यात, चिमूर येथे, असाच भयंकर प्रकार घडून तेथील उपविभागीय अधिकारी, नायब तहसीलदार, सर्कल इन्स्पेक्टर व एक शिपाई प्राणास मुकले. यामुळेच पुढे ‘आष्टी-चिमूर’ ही दोन नावे एका जोडशब्दासारखी उच्चारली जाऊ लागली.

या प्रसंगाचा विचार करताना दोन्ही बाजूंचे दुःख ध्यानात घेतले पाहिजे. ठाण्यातील शिपाई परकी सरकारचे नोकर होते हे खरे. पण ते याच देशातील, पोटासाठी खाकी अंगावर चढविलेले लोक होते, आणि त्यांच्याही घरी बायकामुले वाट पाहत होती. त्यांच्या वधाची चौकशी होऊन अपराध्यास शिक्षा व्हावी, या मागणीत अन्याय्य असे काही नव्हते. कोणतेही सरकार, मग ते स्वकीय असो वा परकीय, आपल्या नोकराचा खून सोडून देऊ शकत नाही. वादाचा मुद्दा निराळा होता. शिक्षा कोणाला, किती, आणि कोणत्या रीतीने विचार करून द्यावी, हा तो मुद्दा होय.

ही रीत कशी होती ते पाहावे. जपानचे सैन्य ब्रह्मदेशाच्या रोखाने येत असता, १९४२ सालच्या जानेवारीत, हिंदुस्थान सरकारने त्या वर्षाचा दुसरा वटहुकूम काढून खास फौजदारी न्यायालयांची योजना केली. शत्रूची स्वारी झाली तर नेहमीची न्यायालये चालणार नाहीत, तेव्हा झटपट न्याय देणारी काही सोय असावी, हा तिचा मूळ हेतू. स्वारी मध्यप्रांतापर्यंत आली नाही. ऑगस्टमध्ये देशातील चळवळ मात्र पेटली, आणि शत्रूसाठी घडविलेले हत्यार घरच्या माणसांवर चालू लागले. आष्टी व चिमूर येथील आरोपींचे खटले या खास न्यायालयांपुढे उभे राहिले.

नेहमीच्या खुनाच्या खटल्यात प्रथम मॅजिस्ट्रेटपुढे प्राथमिक चौकशी होऊन आरोपी सेशनला पाठविला जाई. तेथे ज्यूरी किंवा असेसर बसत. सेशन जज्जाने फाशी दिली तरी हायकोर्टाने ती कायम केल्याशिवाय ती अमलात येत नसे, आणि आरोपीला अपिलाचा हक्क असे. खास न्यायालयात प्राथमिक चौकशी नव्हती. ज्यूरी व असेसर नव्हते. साक्ष शब्दशः उतरून घेण्याऐवजी तिचा सारांश टिपून ठेवणे पुरे होते. आणि अपिलाचा मार्ग बंद होता. फाशीसारख्या मोठ्या शिक्षेची फेरतपासणी हायकोर्टाच्या एका न्यायाधीशाने करावयाची होती. पण तो न्यायाधीश प्रांतिक सरकारने नेमावयाचा होता व त्याचा निर्णय अखेरचा मानावयाचा होता. ज्या सरकारचे नोकर मारले गेले, त्याच सरकारने खटला कोणत्या न्यायालयात चालवावा हे ठरवावे आणि फेरतपासणी करणारा न्यायाधीशही त्यानेच निवडावा, अशी ही व्यवस्था होती. न्यायाधीश व्यक्तिशः कितीही निःस्पृह असला, तरी अशा रचनेत आरोपीच्या मनात विश्वास उत्पन्न होणे कठीण.

यात आणखी एक अडचण जमावाच्या गुन्ह्यातच असते. एका मनुष्याने दुसऱ्याचा खून केला असेल, तर मारणारा हात कोणाचा एवढाच प्रश्न असतो. शेकडो लोक एका ठाण्यावर तुटून पडले असता कोणाचा दगड कोणाला लागला, कोणी काठी उगारली, कोण नुसता घोषणा देत होता, आणि कोण गर्दीच्या रेट्यात आत ढकलला गेला, हे कोणी सांगावे? कायद्याने या अडचणीवर एक तोड काढलेली आहे. बेकायदा जमावाचा जो समान उद्देश असेल, तो साधण्यासाठी एकाने केलेल्या कृत्याला त्या जमावातील सर्वजण जबाबदार धरता येतात. दोषी ठरविण्यापुरती ही तोड उपयोगी असेल. परंतु शिक्षा ठरविण्याच्या कामी ती अपुरी पडते. सर्वजण सारखे दोषी ठरले, म्हणून सर्वजण सारख्याच शिक्षेस पात्र होतात असे नाही. पुढारी आणि अनुयायी, प्रौढ आणि पोरसवदा, प्रथम मारणारा आणि आपला भाऊ पडलेला पाहून धावून गेलेला, यांच्यांत फरक करणे हेच शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाचे खरे काम. ते वेळ घेणारे काम आहे, आणि खास न्यायालय तर वेळ वाचविण्यासाठीच निर्माण झालेले होते.

त्या काळचा मूळ कायदाही आरोपीला प्रतिकूल होता. १८९८ सालच्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याप्रमाणे, ज्या गुन्ह्याला देहदंड सांगितलेला असे, त्यात न्यायाधीशाने दुसरी एखादी शिक्षा दिली तर तिची कारणे त्याला लिहावी लागत. म्हणजे फाशी हा नियम आणि जन्मठेप हा अपवाद. जीव घेण्यास वेगळे कारण लिहावयास नको, जीव राखण्यास मात्र हवे. आष्टी व चिमूर या दोन्ही ठिकाणच्या खटल्यांत मिळून वीसहून अधिक जणांना फाशी सुनावली गेली, त्याचे आश्चर्य या पार्श्वभूमीवर वाटत नाही. जन्मठेप व दीर्घ मुदतीची कैद झालेले आणखी कितीतरी.

या वेळी बाहेरच्या जगाला यातील फारच थोडे कळत होते. चिमूरमध्ये बंदोबस्तासाठी आलेल्या फौजेकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी होत्या, व त्यांची चौकशी करण्यास सरकार तयार नव्हते. त्यासाठी सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भणसाळी यांनी उपोषण आरंभिले. ते त्रेसष्ट दिवस चालून १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. त्या उपोषणाच्या बातम्यांवरही बंदी आली, आणि तिच्या निषेधार्थ ६ जानेवारीला देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपले अंक बंद ठेवले. खटल्याचा निःपक्षपातीपणा न्यायालयाच्या चार भिंतींत जितका असतो, तितकाच त्या भिंतींबाहेरच्या मोकळ्या चर्चेतही असतो. ती चर्चा बंद असताना दिलेला निकाल बरोबर असला, तरी तो बरोबर आहे हे लोकांना पटविण्याचा मार्ग उरत नाही.

१९४३ सालच्या ४ जूनला दिल्लीच्या फेडरल कोर्टाने बनवारीलाल शर्मा यांच्या प्रकरणात या वटहुकुमाची महत्त्वाची कलमे बेकायदा ठरविली. न्यायमूर्ती वरदाचारियार व न्यायमूर्ती जफरुल्लाखान यांचे मत तसे पडले. न्यायमूर्ती रोलंड यांचे मत विरुद्ध होते. कोणता खटला खास न्यायालयात पाठवावा आणि कोणता नेहमीच्या, हे ठरविण्याचा अधिकार वटहुकुमाने अंमलदारांच्या मर्जीवर सोपविला होता. त्या मर्जीला कसलीच मर्यादा घातलेली नव्हती, हा बहुमताचा मुख्य आक्षेप होता. सरकारने दुसऱ्याच दिवशी नवा वटहुकूम काढून खास न्यायालये रद्द केली. पण त्यांनी आधी दिलेल्या शिक्षा कायम ठेवल्या. पुढे १९४४ सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टाचा निर्णय फिरवून मूळ वटहुकूम कायदेशीरच होता असे सांगितले. एकच कायदा एका वरिष्ठ न्यायासनाला बेकायदा आणि दुसऱ्याला कायदेशीर वाटावा, आणि तेवढा काळ फाशीच्या कोठडीतल्या मनुष्याने आपल्या प्राणांची आशा वरखाली होताना पाहावी, ही अवस्था कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारी आहे.

फेडरल कोर्टाने आणखी एक गोष्ट त्याच काळात बोलून दाखविली. प्यारे दुसाध या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात नव्या वटहुकुमाची कायदेशीरता मान्य करीत असताना न्यायमूर्तींनी असे म्हटले की, फाशीची अंमलबजावणी अतिशय लांबली असेल, तर मूळ शिक्षा कितीही योग्य असली तरी केवळ त्या विलंबापायी तिच्याऐवजी जन्मठेप देण्याचा अधिकार न्यायालयास आहे. मात्र हे क्षेत्र मुख्यतः दया दाखविणाऱ्या कार्यकारी सत्तेचे असल्यामुळे हा अधिकार जपून वापरावा. मृत्यूची टांगती तलवार डोक्यावर घेऊन जगणे हीच एक शिक्षा आहे, ही जाणीव या उद्गारांमागे होती.

आष्टी-चिमूरचे कैदी अशीच तलवार डोक्यावर घेऊन महिनेच नव्हे तर वर्षे काढीत होते. कायद्याच्या वाटा खुंटल्यावर दयेच्या अर्जांची वाट उरली. या कामी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी केलेली खटपट विशेष उल्लेखनीय आहे. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांताच्या विधिमंडळाच्या उपसभापती झालेल्या या बाईंनी फाशीच्या कैद्यांचे प्राण वाचविण्याचे काम अंगावर घेऊन लोकमत जागे केले. तुरुंगातून सुटल्यानंतर महात्मा गांधींनीही व्हाइसरॉयशी पत्रव्यवहार करून या कैद्यांसाठी रदबदली केली. हिंसेचे समर्थन त्यांनी कधी केले नाही. ज्या हातांनी हिंसा घडली त्या हातांच्या मालकांनाही जगू द्यावे, असे त्यांचे मागणे होते. काहींच्या शिक्षा आधी कमी झाल्या. उरलेल्यांची फाशी १९४५ सालच्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध संपले त्याच महिन्यात, व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी रद्द करून तिच्या जागी जन्मठेप दिली. पुढे कालांतराने ते तुरुंगातूनही बाहेर आले.

येथे एक विलक्षण विरोध नजरेस येतो. खास न्यायालये वेळ वाचविण्यासाठी स्थापन झाली; आरोपींचे प्राण वाचले ते वेळेमुळे. निकालापूर्वी प्रत्येक आरोपीचा वेगवेगळा, सावकाश विचार करण्यासाठी जे महिने द्यावयास हवे होते, ते दिले गेले नाहीत; निकालानंतर मात्र कैद्यांना आणि त्यांच्या आप्तांना दीर्घ काळ भीतीत काढावा लागला. १९४२ साली अक्षम्य ठरलेले अपराधी १९४५ साली दयेस पात्र ठरले. मधल्या काळात त्यांच्या अपराधात तिळमात्र फरक पडला नव्हता. पालटला होता तो त्यांच्याकडे पाहणाऱ्यांचा राग. ज्या शिक्षेचे मोजमाप पाहणाऱ्याच्या रागाबरोबर पालटते, ती शिक्षा अपराधाला अनुरूप होती असे म्हणणे अवघड आहे.

यावर असे कोणी म्हणेल की, शेवटी दया मिळालीच ना? मग तक्रार कशाची? याचे उत्तर असे की, दया हा न्यायाचा पर्याय होऊ शकत नाही. दया मागणाऱ्याच्या पाठीशी कोण आहे, देशात वारे कोणते वाहत आहेत, देणाऱ्याची मनःस्थिती कशी आहे, यांवर ती अवलंबून असते. आष्टी-चिमूरच्या कैद्यांना महात्मा गांधींसारखा वकील लाभला. त्याच काळात देशातील कितीतरी तुरुंगांत असे कैदी होते की, ज्यांच्यासाठी अर्ज लिहिणारेही कोणी नव्हते. न्याय मात्र ज्याच्या मागे कोणी नाही अशा मनुष्यालाही तितकाच मिळाला पाहिजे.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने या दिशेने काही पावले टाकली. १९५५ साली संसदेने जुन्या कायद्यातील ते कलम बदलले, आणि फाशी न दिल्याबद्दल कारणे लिहिण्याचे बंधन गेले. १९७३ च्या नव्या कायद्याने तर तराजूचे पारडे पूर्ण फिरविले: आता फाशी द्यावयाची असेल तर विशेष कारणे नोंदली पाहिजेत, आणि दोष ठरल्यानंतर शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकून घेतले पाहिजे. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने मसालती प्रकरणात जमावाच्या गुन्ह्याविषयी एक सावधगिरी मान्य केली: मोठ्या जमावातील एखाद्याला दोषी ठरविताना एका साक्षीदाराच्या बोटावर न विसंबता, दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांची जुळती साक्ष पाहावी. १९८० च्या बच्चनसिंग प्रकरणात ‘विरळात विरळ’ प्रसंगीच देहदंड द्यावा, असे तत्त्व घालून दिले गेले. तेव्हाही पाच न्यायमूर्तींपैकी न्यायमूर्ती भगवती यांचे मत देहदंडाच्या विरुद्ध पडले, कारण या शिक्षेत न्यायाधीशागणिक फरक पडतो, असे त्यांना दिसले. आरोपीचे पूर्वायुष्य, त्याची मानसिक अवस्था व तुरुंगातील वागणूक यांची माहिती मिळविल्यावाचून शिक्षा ठरवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पुन्हा बजावले.

इतक्या कुंपणांनंतरही चुका घडतात. नाशिक जिल्ह्यातील एका भयंकर गुन्ह्यात, जो २००३ साली घडला, भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. २००६ साली सेशन कोर्टाने सहाही जणांस फाशी दिली. हायकोर्टाने त्यांतील तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी योग्य ठरविली. त्यानंतर त्याच न्यायालयाने आपल्या निर्णयाचा फेरविचार केला, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष ठरून सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. घटनेनंतर लगेच साक्षीदाराने दुसऱ्याच माणसांना ओळखले होते, या गोष्टीचे महत्त्व आधीच्या एकाही न्यायासनाच्या ध्यानात आले नव्हते. २००९ नंतर फाशी लवकर अमलात आली असती, तर २०१९ चा निकाल कोणाला वाचून दाखवावयाचा होता?

हे सहा जण स्वातंत्र्याचे सैनिक नव्हते. त्यांच्या नावाने कोणी मिरवणूक काढली नव्हती. आष्टीच्या कैद्यांशी त्यांचे साम्य एवढेच की, त्यांच्याही बाबतीत निकालापूर्वीचा विचार अपुरा पडला आणि निकालानंतरच्या वेळेने त्यांना तारले. भयंकर गुन्हा घडला म्हणजे समाजाचे मन क्षुब्ध होते, आणि ‘चार दिवसांत निकाल लावा, चौकात फाशी द्या’ अशी मागणी उठते. मृताच्या आप्तांचे दुःख त्या मागणीच्या मुळाशी असल्यामुळे तिची थट्टा करणे योग्य होणार नाही. त्या आप्तांनाही खरा अपराधी हवा असतो, हाती लागलेला कोणीतरी नव्हे. परंतु अपराधी खरा आहे की नाही, आणि त्याचा अपराध खरोखरच प्राण घेण्याइतका आहे की नाही, हे पाहण्यास जो वेळ लागतो, तो न्यायातून वगळता येत नाही. तो आधी दिला नाही, तर मागून व्याजासह मोजावा लागतो. आणि कधी कधी तो मोजण्यासाठी मनुष्यच शिल्लक राहत नाही.

आष्टी गावाच्या नावापुढे आज ‘शहीद’ हा शब्द लावला जातो आणि नागपंचमीला तेथे हुतात्म्यांचे स्मरण होते. गोळीबारात पडलेल्यांचे ते स्मरण योग्यच आहे. त्याबरोबर फासाच्या दोरापर्यंत जाऊन परत आलेल्या त्या गावकऱ्यांचीही आठवण ठेवावी. ते पुढे आपल्या घरी परतू शकले, ही त्यांना शिक्षा देणाऱ्या न्यायपद्धतीविरुद्धची सर्वांत बोलकी साक्ष आहे.